कोल्हापूरचा मामा, नेपाळची भाची

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट माझ्याबरोबरच पंचगंगेच्या काठी राख व्हायची होती. घ्या, चहा घ्या. साखर कमी आहे? असू दे.

निवृत्त झाल्यावर माणसानं काय करावं? आमच्या कचेरीतली बाकीची मंडळी कळंबा तलावाला फेऱ्या मारतात आणि फेरी संपली की एकमेकांना रक्तदाबाचे आकडे ऐकवतात. मी एम.ए.ला नाव घातलं. विषय समाजशास्त्र. उभी हयात समाजाच्या अर्जांवर शेरे मारण्यात गेली, म्हटलं आता समाज ही काय चीज आहे ते तरी बघू. नातवाच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसलो आणि 'आप्तसंबंध' या पेपरात वर्गात पहिला आलो. आत्या, मामा, साडू, व्याही, कुणाचं कुणाशी काय नातं आणि का, सगळं तोंडपाठ. हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. पुढं ते माझ्याच अंगावर येणार आहे.

तर आमच्या कॉलेजाचं आणि नेपाळातल्या एका कॉलेजाचं ठरलं. आमची काही मुलं चार-पाच दिवस तिकडं जाऊन तिथल्या घरांत राहणार, आणि दिवाळीनंतर त्यांची मुलं कोल्हापुरात येऊन आमच्या घरांत राहणार. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्हीही विद्यार्थीच की. चला."

मुलगा म्हणाला, "बाबा, या वयात?" सूनबाईंनी दुसऱ्याच दिवशी माझी बॅग भरून दारात आणून ठेवली. प्रवासाला अजून महिना होता.

परदेश म्हणावा तर पासपोर्टही लागत नाही. मतदानाचं कार्ड दाखवलं की झालं. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून बसनं हद्द, एक कमान ओलांडली आणि मी परदेशस्थ झालो. पलीकडच्या टपरीवरही लोक चहाच पीत होते. मला जरा फसवल्यासारखं वाटलं.

पोखऱ्याच्या अलीकडं, डोंगराच्या उतारावर एक गाव आहे. तिथं एका घरात आम्हा दोघांची सोय होती. मी आणि शबाना मुजावर. शबाना आमच्या वर्गातली, गडमुडशिंगीची. वडिलांचं शिवणकामाचं दुकान, पोरीची जीभ कात्रीपेक्षा धारदार. तिच्या सोबतीला वडीलधारं माणूस हवं म्हणून मॅडमनी मला त्या घरी घातलं. कोण कुणाच्या सोबतीला होतं ते पुढं कळेलच.

घरात तीन बायका. सावित्री, चाळिशीच्या आसपासची. नवरा कतारला कामाला. तिची मुलगी सृजना, कॉलेजात शिकणारी. आणि सावित्रीची सासू, जिला सगळे हजुरआमा म्हणत. म्हणजे आजी. हजुरआमा अंगणात मुढ्यावर, म्हणजे वेताच्या बुटक्या बैठकीवर, बसायची आणि तिच्या होकाराशिवाय त्या घरात कोंबडासुद्धा आरवत नसावा. भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता, डोक्यावर बांधकामावरचं हेल्मेट, फोटोला हार. मी पाहिला. कोण म्हणून विचारलं नाही. जन्मभर बघितल्याशिवाय कागद सहीसाठी पुढं सरकवला नाही, तो मी, आणि नेमकं इथं विचारलं नाही.

सावित्रीनं पाणी दिलं, चहा दिला, पाय धुवायला गरम पाणी दिलं. माझं मन भरून आलं. आणि मन भरून आलं की कोल्हापूरचा माणूस काय करतो? नातं जोडतो! आपल्याकडं कंडक्टर मामा, हवालदार मामा, भाजीवाली मावशी, अनोळखी माणूस पावणं. घरातून निघून महाद्वार रोडपर्यंत जाईस्तोवर आपण चार मामा आणि सहा मावश्या करतो आणि घरी येईपर्यंत विसरतो. त्याच सवयीनं मी हात छातीवर ठेवून म्हणालो,

"बहनजी, आज से हम आपके भाई. ये बच्ची को बोलो, कोल्हापूर से तेरा मामा आया है."

सावित्री हातातला पेला तसाच धरून उभी राहिली. मग आत गेली.

"काका," शबाना कानाशी येऊन म्हणाली, "ती रडाय लागली वाटतं."

"आनंदानं गं. आपलेपणा म्हणतात याला."

सावित्री परत आली ती ताट घेऊन. डोळे पुसलेले. माझ्या कपाळाला टिळा लावला, डोक्यावर फुलं ठेवली आणि म्हणाली, "दाइ." म्हणजे थोरला भाऊ. मी म्हटलं, काय पाहुणचार आहे! मग तिनं सृजनाला हाक मारली आणि माझ्यासमोर उभं केलं.

आता तुम्ही सांगा. मामाच्या समोर भाची उभी आहे, कपाळाला टिळा लागलाय, घरची मंडळी भोवती जमलीत. पुढं काय होतं? भाची वाकते. मी तयारच होतो. उजवा हात आशीर्वादासाठी उचलला, डावा पाय बेतानं जरा पुढं केला आणि तोंडानं म्हटलं, "असू दे, असू दे." आपण नाही का म्हणत? नको नको म्हणायचं आणि पाय पुढं सरकवायचा, म्हणजे समोरच्याला सोयीचं जातं.

पोरगी वाकेना.

ती माझ्याकडं बघतेय, मी तिच्याकडं बघतोय. सावित्री आमच्या दोघांकडं बघतेय. हजुरआमा मुढ्यावरून फक्त माझ्याकडं बघतेय. मी पुन्हा म्हणालो, "असू दे." पाय आणखी जरा पुढं. पोरीनं पाय मागं घेतला नाही, पुढंही केला नाही. खांब होऊन उभी.

"काका," शबाना हळूच म्हणाली, "कुस्ती लावलीया व्हय? सलामी झाली असंल तर बसा की खाली."

मी बसलो. पोरगी आत गेली. मनात म्हटलं, शिकलेली पोरगी, पण घरात वळण नाही. सोडून द्यावं की नाही? पण आमचा स्वभाव. कचेरीत कुणी फाइल उलटी ठेवली तरी मी ती सरळ करून, ठेवणाऱ्याला बोलावून, सरळ कशी ठेवायची ते दाखवत असे. लोकांना फार आवडायचो मी.

दुसऱ्या दिवसापासून शेजारपाजारच्या बायका 'कोल्हापूरको मामा' बघायला येऊ लागल्या. प्रत्येक वेळी सावित्री सृजनाला पुढं आणायची, प्रत्येक वेळी मी हात वर करायचो, पाय पुढं करायचो, असू दे म्हणायचो, आणि प्रत्येक वेळी पोरगी ढिम्म. बायका एकमेकींकडं बघायच्या आणि चहा न संपवता उठायच्या. मला वाटलं, त्यांनाही पोरीचं वागणं खटकतंय. म्हटलं, बिचारी सावित्री. नवरा लांब, पोरीला सांगणारं कुणी नाही. आता भाऊ झालोय तर भावाचं कर्तव्य केलं पाहिजे.

आधी कृतीतून शिकवावं म्हणून मी सगळ्यांसमोर हजुरआमाच्या पाया पडलो आणि उठताना सृजनाकडं सूचक नजर टाकली. काही उपयोग नाही. उलट हजुरआमाच्या चेहऱ्यावर असा भाव, की हा माणूस वाकू शकतो तर!

त्या चेहऱ्याचा अर्थ मला तेव्हा लागला असता तर तुम्ही आज नुसताच चहा पिऊन गेला असता.

तिसऱ्या दिवशी अंगणात दहा-बारा बायका होत्या. मी सृजनाला जवळ बोलावलं, आवाजात माया आणली आणि म्हणालो, "बेटी, शरमाओ मत. हमारे में मामा के पांव पडते हैं. ऐसा." आणि माझ्याच पायांकडं बोट दाखवलं. "यहां. झुको. मैं हूं ना."

पोरीचे डोळे भरले. आईकडं बघितलं, आजीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आणि घाबरत घाबरत गुडघ्यात वाकायला लागली.

"हरे राम!"

हजुरआमा मुढ्यावरून उठली. ती अशी उठताना त्या गावात कुणी पाहिली नव्हती म्हणे. तिनं नातीचा दंड धरून तिला मागं ओढलं आणि नेपाळीत माझा जो उद्धार केला, त्यातला एकही शब्द मला कळला नाही आणि एकही शब्द चुकला नाही. बायका तोंडाला पदर लावून निघून गेल्या. सृजना रडत आत. सावित्री त्या फोटोखाली जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

मी अंगणात. पाय अजून पुढंच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धूत होतो. शबाना कळशी भरायला आली, कळशी खाली ठेवली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काका, लई मोठा घोळ घातलासा."

"मी?"

"मग काय मी? मी काल सृजनाबरोबर बसलतो, सगळं इचारून घेतलं. यांच्यात भाची मामाच्या पाया पडत न्हाय. मामा भाचीच्या पाया पडतोय."

माझ्या तोंडात पेस्ट होती. ती मी गिळली.

"यांच्यात लेक म्हंजे देवीच. आईबाप बी तिला वाकू देत न्हाईत. आन् तिनं वाकून तुमच्या पायाला हात लावला असता, तर पाप तुमच्या डोक्यावर. म्हातारी तुम्हांलाच वाचवाय उठलीती."

मी सावरून म्हणालो, "बरं. माफी मागून टाकू. त्यात काय."

"त्यात काय?" शबानानं आवाज खाली आणला. "त्यो फोटो बघितलासा न्हवं? सावित्रीमावशीचा एकुलता एक भाऊ. परदेशात कामावर गेलता, तिकडंच वारला. तवापासनं दिवाळीत तिचं भावाचं ताट रिकामं असतंय. आन् तुम्ही दारात पाय ठिवल्या ठिवल्या म्हनालासा, मी तुझा भाऊ. तिला खरं वाटलं, काका."

मी नळ बंद केला. मग उगाचच पुन्हा चालू केला.

"आजून हाय. सृजनाला कोल्हापूरला यायचंय. जल्मात गावाभायर गेली न्हाय ती. तिच्या सरांनी नाव घेतलंय, पर म्हातारी सोडतच न्हवती. परक्या मुलखात पोर कुणाच्या घरी ऱ्हानार? तुम्ही मामा म्हनालासा, तवा म्हातारी तयार झाली. मामाचं घर हाय म्हनाली, जाऊ दे. आता म्हनतीया, भाचीला वाकाय लावनारा कसला मामा, त्यो सोंगाड्या हाय. उद्या आपुन निघायच्या आधी तिचं सर इच्याराय येनार. म्हातारी न्हाय म्हननार. संपलं."

आप्तसंबंध! वर्गात पहिला!

आता उपाय एकच होता आणि तो माझ्या कंबरेत होता. नाही, थट्टा नाही. अडचणी दोन. एक तर मान. साठी उलटलेला माणूस, मुख्य लिपिक म्हणून निवृत्त. एका कॉलेजातल्या पोरीच्या पायावर डोकं ठेवायचं, तेही वर्गातल्या पोरांसमोर? मी जन्मात कुणापुढं वाकलो नाही. साहेबांपुढं वाकायचो, पण त्याला आम्ही सही घेणं म्हणायचो. आणि दुसरी खरोखरची कंबर. ती एकदा वाकली की पुन्हा सरळ होताना स्वतःचा वेळ घेते. सूनबाई घरात मला खाली पडलेलं वर्तमानपत्रसुद्धा उचलू देत नाहीत. प्रेमानं नाही, पुढची धावपळ नको म्हणून.

दिवसभर मी त्या अंगणात एकटा बसलो. जेवायच्या वेळी सावित्रीनं ताट आणून ठेवलं, आणि ते ठेवताना ती "दाइ" म्हणाली नाही. एवढंच. भात गरम होता, डाळ चांगली होती, आणि मी नुसता कालवत बसलो. चार दिवसांपूर्वी जो शब्द मी ऐकलाही नव्हता, तो कुणी म्हणेना तर असं व्हावं?

निघायचा दिवस उजाडला. अंगणात सगळे जमले. आमची मुलं, मॅडम, शेजारच्या बायका आणि सृजनाचे सर. हजुरआमा मुढ्यावर. सृजना आईच्या मागं. सर हात जोडून काहीतरी विचारू लागले. हजुरआमानं मान हलवायला सुरुवात केली, आडवी.

मी चपला काढल्या. टोपी काढली. सृजनासमोर गेलो. माझी वाक्यं रात्री घोकून ठेवलेली, एकही आठवलं नाही. मी नुसता वाकलो. गुडघे टेकले, हात टेकले आणि कपाळ तिच्या पायांवर ठेवलं.

वर कुठंतरी एक बाई हुंदका देते आहे हे मला ऐकू आलं. ती सावित्री होती. मलाही भरून आलं. म्हटलं, झालं, आता उठावं.

आणि कंबर म्हणाली, नाही.

कट्कन आवाज झाला. मला वाटलं सगळ्या गावाला ऐकू गेला. मी हलेना. हलायला गेलो तर डोळ्यांपुढं काजवे. पोरगी बिचारी पाय काढून घेऊ शकत नाही, मी डोकं काढून घेऊ शकत नाही. वेळ चालला. आमची पोरं मोबाइल वर धरून उभी, हे मला सावल्यांवरून कळत होतं. बायका कुजबुजायला लागल्या. इतका वेळ? यांचे स्वतःचे मामा म्हणे टेकवल्यासारखं करतात आणि उठतात.

मी जमिनीकडं तोंड करून मराठीत ओरडलो, "शबाना! कंबर! कंबर गेली! मला उठवा!"

हजुरआमानं विचारलं, "के भन्यो?" काय म्हणाला?

आणि त्या शिंप्याच्या पोरीनं, देव तिचं भलं करो, जराही न अडखळता हिंदीत सांगितलं, "कह रहे हैं, जब तक हजुरआमा सृजना को कोल्हापूर भेजने के लिए हां नहीं कहतीं, तब तक नहीं उठूंगा."

"खोटं हाय!" मी खालून ओरडलो.

"अब क्या बोले?" सरांनी विचारलं.

"बोले, मर जाऊंगा पर नहीं उठूंगा."

मुढा करकरला. म्हातारी माझ्याजवळ आली, तिचा हात माझ्या डोक्यावर पडला आणि तिनं सरांना सांगितलं, हुन्छ. एवढी नेपाळी मलाही येत होती. हुन्छ म्हणजे होय. असा मामा तिनं आयुष्यात बघितला नव्हता, असंही ती म्हणाली. खरंच होतं. असा मीही बघितला नव्हता.

मग चौघांनी मला उचललं. उभा केला म्हणवत नाही, कारण उभा मी गोरखपुरात झालो. निरोपाचा टिळा सावित्रीनं खाली वाकून लावला, कारण माझं तोंड तिथंच होतं. या वेळी "दाइ" म्हणाली.

परत आल्यावर मॅडमनी अहवालात लिहिलं, की ज्येष्ठ विद्यार्थ्यानं स्थानिक रूढीचा प्रत्यक्ष सहभागातून सखोल अभ्यास केला. सखोल म्हणजे जमिनीपर्यंत.

दिवाळी झाली आणि सृजना आली. आमच्याच घरी राहिली. सावित्रीनं तिच्याबरोबर मखमलीच्या फुलांची माळ पाठवली होती. जांभळी, गोल फुलं. भाऊबीजेला तिकडं बहिणी ती भावाच्या गळ्यात घालतात. ती सुकली तरी रंग सोडत नाही. सृजना म्हणाली, आईनं त्या दिवशी माळ आधी मामाच्या फोटोला लावली, दुसरी केली ती तुमची. मी ती गळ्यात घातली आणि बराच वेळ चष्मा पुसत बसलो. इकडं कोल्हापुरात धूळ फार आहे.

गोष्ट इथं संपली असती तर बरं होतं. पण मुरगूडहून माझी बहीण आली, आमची आक्का, आणि तिची लेक सुनंदा. नेपाळची भाची बघायला. शबानाही आली होती. सृजनानं सगळी हकिगत सांगितली, शबानानं मोबाइलवर दाखवली. आक्कानं चष्मा लावून दोनदा बघितली. मग माझ्याकडं वळली.

"व्हय रं? परक्या मुलखात भाचीच्या पायावर लोळाय येतंय तुला. आन् सख्खी भाची एवढी घोडी झाली, मामा मुरगूडला किती येळा आला? मी तिकडं टिळा घिऊन कुनाच्या तोंडाकडं बघू? माझ्या भावाच्या फोटोला हार हाय का?"

सूनबाईंचा कपातला चमचा थांबला.

सुनंदा शाळेत मास्तरीण आहे. बोलत कमी. ती उठली, चपलांचा ढीग चुकवत माझ्यासमोर येऊन उभी राहिली, साडी जरा वर धरली आणि उजवा पाय पुढं केला. अगदी बेतानं, मामा करतो तसा.

"मामा," ती म्हणाली, "असू दे, असू दे."

काय करता? वाकलो.

कट्.

"शबाना!" मी खालून म्हणालो. "कंबर!"

"काय म्हनतोय गं त्यो?" आक्कानं विचारलं.

"म्हनत्यात," शबाना म्हणाली, "फुडल्या भाऊबीजेला मुरगूडला येतो, आन् दरवर्षी येतो. आक्का हो म्हनंस्तवर उठत न्हाय."

आक्का चहाचा कप घेऊन सावकाश बसली. "बघते इचार करून," म्हणाली, आणि बशीत चहा ओतला.

तिचा तो चहा संपेपर्यंत मी खालीच होतो.